अकरावी ओळ

थोरलीची संस्थेतली खोली रिकामी करायला घरची चार माणसं गेली आणि तासाभरात खोलीत मुळात होतं त्याहून जास्त सामान झालं. आईची चाकांची खुर्ची, तिच्या पाठीच्या दोन उशा, जेवणाचे डबे, धाकट्याने आणलेली वीस रिकामी खोकी आणि त्याच्या बायकोने औषधांच्या दुकानातून मागवलेली आणखी वीस. खोकी आणणार असल्याचं नवराबायकोंनी एकमेकांना सांगितलं नव्हतं. या घरात असलं काही सांगत नसत.

हा नियम नानांचा, म्हणजे थोरलीच्या आणि धाकट्याच्या वडिलांचा. नाना पाणीपुरवठ्यात पंपावर होते. चाळीस वर्षं पहाटे उठून त्यांनी अख्ख्या शहराला पाणी सोडलं, आणि नळ उघडताना कुणी एकदाही त्यांची आठवण काढली नाही. यात त्यांना मोठा आनंद होता. "देव रोज सूर्य वर आणतो, खाली सही करतो का?" असं ते विचारत, आणि मग म्हणत, "केलं ते केलं, बोललं की गेलं." नानांना जाऊन बारा वर्षं झाली, नियम ठणठणीत होता. त्याच्यापायी एका सकाळी आईला रक्तदाबाची गोळी दोघांनी दोनदा दिली होती. ती दुपारपर्यंत इतकी शांत पडून राहिली की तब्येतीला उतार पडला असं समजून सगळे आनंदाने आपापल्या कामाला गेले.

थोरली येत्या गुरुवारी निवृत्त होणार होती. खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीखाली सायकली लावायची जागा. भिंतीवरच्या फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून 'पुसू नये' असं लिहिलेलं होतं. चौकटीतलं समीकरण चुकीचं असल्याचं नऊ वर्षांपूर्वीच लक्षात आलं होतं, पण सूचना पाळणाऱ्या सफाईच्या बाई मिळाल्यामुळे ते टिकलं. टेबलासमोर पाहुण्यांची खुर्ची, जिच्यात आजवर चौदा विद्यार्थी रडले होते. आज तिच्यात धाकट्याची लेक बसली होती. ती रडत नव्हती, पण जागा ओळखीची झाल्यासारखी बसली होती.

या सगळ्या प्रकरणाला तीच कारण होती, असं आईचं म्हणणं.

थोरलीची हयात दीर्घिकांत गेली. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची वस्ती. आपला सूर्यही तसल्याच एका वस्तीत राहतो, जरा आडबाजूला. कुठल्या वस्तीत वर्षाला किती तारे जन्माला येतात ते मोजायचं, हे थोरलीचं काम. म्हणजे जनगणनाच, फक्त घरोघरी जाता येत नाही. नव्या ताऱ्यांचा प्रकाश निळसर असतो, पण ते जन्मतात धुळीच्या ढगांत, आणि ती धूळ बराचसा प्रकाश वाटेतच गिळून बसते. म्हणून जेवढा प्रकाश दिसला त्याला गुणावं लागतं. कितीने, ते ज्या त्या दीर्घिकेच्या धुळीवर. याला तिच्या धंद्यात 'धुळीची दुरुस्ती' म्हणत. सदतीस वर्षांपूर्वी, अठ्ठावीस वर्षांची असताना, तिने अकरा दीर्घिकांचा शोधनिबंध लिहिला. दहा आपल्या बऱ्या, संसारी. अकरावी मात्र वर्षाला चारशे सूर्य होतील एवढे तारे प्रसवत होती. असं कुणी पाहिलं नव्हतं. थोरलीचं नाव झालं, नोकरी पक्की झाली, दुर्बिणीवर वेळ मागितला की मिळू लागला. एवढं बाळंतपण निभावूनही त्या दीर्घिकेतला वायू संपत कसा नाही, या प्रश्नावर जगभरात नऊ जण डॉक्टर झाले. नऊ जणांनी नऊ कारणं दिली आणि नऊही पटण्यासारखी होती.

आईने त्या दीर्घिकेचं नाव 'बाळंतीण' ठेवलं होतं. ती थोरलीला फोनवर आधी बाळंतिणीची खुशाली विचारी, मग थोरलीची.

आणि मागच्या महिन्यात बाळंतिणीचं बिंग फुटलं. धाकट्याची लेक आत्याच्याच वाटेने गेलेली, दुसऱ्या संस्थेत होती, नव्या दुर्बिणीवर. धूळ प्रकाश गिळते खरी, पण गिळलेलं पचवून उबेच्या रूपाने बाहेर टाकते, आणि नव्या दुर्बिणीला ती ऊब दिसे. दुरुस्ती करण्याची भानगडच नाही. लेकीने कौतुकाने पहिली मोजली ती बाळंतीण. उत्तर आलं वर्षाला पन्नास. तिने तीनदा मोजलं. मग आत्याला फोन लावला आणि बसून घ्यायला सांगितलं.

थोरलीने फोन ठेवला, जुन्या कपाटातून त्या निबंधाचा, हाताने इंग्रजी आकड्यांत लिहिलेला मूळ तक्ता काढला आणि चारशेला पन्नासाने भागलं. आठ आले. अकराव्या दीर्घिकेची धुळीची दुरुस्तीही आठपट होती. म्हणजे एकाच आकड्याला आठने दोनदा गुणलं गेलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर चुकीची कबुली एका परिच्छेदात उरकली असती. अशा कबुल्या रोज छापून येतात. पण थोरलीने टेबलावरचा दिवा आडवा धरून अकरावी ओळ न्याहाळली, तेव्हा ८.१८४ या आकड्याखाली खोडलेल्या पेन्सिलीची खाच दिसली. १.०२३. दुर्बिणीवरचा मूळ आकडा कुणीतरी पुसला होता, त्याला आठने गुणून दुरुस्त आकडा त्याच जागी लिहिला होता, आणि थोरलीने तो मूळ समजून पुन्हा आठने गुणला होता. कुणीतरी म्हणजे कोण, हा प्रश्न तिला पडला नाही. तो तक्ता तिच्याखेरीज कुणी हाताळत नसे. त्याच सुमाराला ती विषमज्वराने नऊ दिवस पडून होती, अकरावी ओळ तेवढी राहिलेली होती. तेव्हा तापाच्या भरात आपणच उठलो असू, ते लिहिलं असू, आणि विसरलो असू.

आणि तापात आपण काय काय केलं ते जिला आठवत नाही, तिने बाकीच्या दहा ओळींची हमी कशी द्यायची? दुर्बिणीच्या मूळ छापील पट्ट्या जुन्या इमारतीत पाणी शिरलं तेव्हाच गेल्या होत्या. नव्या दुर्बिणीवर त्या दहांसाठी वेळ मिळायला दोन वर्षं. म्हणून थोरलीने संपादकांना पत्र लिहिलं होतं. त्या तक्त्यावर उभे असलेले तिचे तिन्ही शोधनिबंध, सगळ्या अकरा दीर्घिकांसकट, ती मागे घेत होती. पत्र समोर संगणकावर उघडं होतं. संगणक संस्थेचा होता आणि चार वाजता संस्थेचा माणूस तो न्यायला येणार होता.

अडीच वाजले होते.

धाकटा भिंतीकडे तोंड करून फायली खोक्यात भरत होता. बासष्ट वर्षांचा, पाणीपुरवठ्याच्याच नकाशा विभागातून निवृत्त झालेला. शहराखालच्या जलवाहिन्यांचे नकाशे त्याने पस्तीस वर्षं काढले. फायलींच्या कडा तो इतक्या काटेकोर जुळवत होता की एका खोक्याला वीस मिनिटं लागत होती.

खोलीत मात्र पक्ष पडले होते. गंमत म्हणजे ज्याने त्याने चुकीचा पक्ष धरला होता. धाकट्याची बायको औषधांच्या दुकानात काम करायची, आयुष्यभर बाटल्यांवरची मुदत वाचत आलेली. तिने मुदत संपलेली गोष्ट लगेच फेकावी असं म्हणायला हवं होतं. पण ती म्हणत होती की गुरुवार जाऊ द्या. गुरुवारी ताईंच्या सन्मानाला दोनशे माणसं बाहेरगावहून येणार, त्यांना द्यायच्या पिशव्यांवर बाळंतिणीचं चित्र छापून आलंय, त्यांना दारातच कुठे सांगायचं की चित्र बरोबर आहे पण बाई वेगळी. सदतीस वर्षं थांबलेल्या चुकीला पाच दिवस जड नाहीत. घर विकण्याच्या वेळी तिचं आणि थोरलीचं वाजलं होतं, तेव्हापासून दोघी एकमेकींशी फक्त हवामानावर बोलत. आज ती थोरलीची वकील झालेली पाहून स्वतः थोरलीही जरा बावरली होती.

आईचा रोख नातीवर होता. आत्याने जिला पोटच्या पोरीसारखं जपलं, जिला पहिली दुर्बीण दिली, तिने दुर्बीण उचलून पहिल्यांदा आत्याकडेच रोखावी, याचं तिला नवल वाटत होतं. एवढं आभाळ पडलंय, ती म्हणत होती, दुसरी दीर्घिका नाही मिळाली? नातीने सांगून पाहिलं की आज ना उद्या कुणीतरी मोजलंच असतं. आई म्हणाली, मग ते कुणीतरी वाईट झालं असतं, तू कशाला झालीस.

यावर थोरली नातीच्या बाजूने उतरली. पोरीने सांगितलं नसतं तर मी तिला तोंड दाखवू दिलं नसतं, असं ती शांतपणे म्हणाली. मग आईने खुर्ची जरा पुढे ढकलायला लावली आणि चष्मा लावून पत्र वाचून दाखवायला सांगितलं. थोरलीने वाचलं. आईला शास्त्र कळत नव्हतं, पण संख्या कळत होती.

"अकरावीचं चुकलं ते कळलं," ती म्हणाली. "बाकीच्या दहांचा काय गुन्हा?"

"गुन्हा नाही आई. भरवसा नाही."

"दहाजणी सदतीस वर्षं नीट नांदल्या."

"नांदल्या असतील. मला शपथेवर सांगता येत नाही. तापात मी उठले, लिहिलं, खोडलं आणि मला काही आठवत नाही. एकदा केलं असेल तर दहादा केलं नसेल कशावरून?"

धाकट्याच्या हातातली फाईल खोक्यात सरळ जाईना.

कारण त्या नऊ दिवसांतलं त्याला सगळं आठवत होतं.

तो तेव्हा पंचवीस वर्षांचा. शिक्षण अर्ध्यावर सोडलेलं, नकाशाचं काम नुकतं हातात बसत होतं, पक्की नोकरी नव्हती. ताईकडे दोन खोल्यांत नऊ महिने राहिला. नोकरी शोधायला, असं नाव. खरं म्हणजे भाजी आणायची, पेज करायची, ताईचे तक्ते आखून द्यायचे. टेबलापुढच्या भिंतीवर तिने धुळीचा आलेख टाचला होता. ती तो बघून हिशेब करताना हा मागे उभा राहून बघायचा, आणि बघता बघता त्याला ते यायला लागलं. मग ताईला ताप भरला. निबंध पाठवायची तारीख जवळ आली होती, तापात ती "अकरावी राहिली, अकरावी राहिली" असं बरळायची. सहाव्या दिवशी ती झोपलेली असताना तो टेबलाशी बसला, आलेखावरून आठ आकडा काढला, गुणाकार तीनदा करून पाहिला आणि अकरावी ओळ पुरी केली. नकाशावर शाई चढली की खालची पेन्सिल पुसायची, नाहीतर कागद घाण दिसतो, हे तो नुकतंच शिकला होता. म्हणून त्याने खालचा १.०२३ मऊ रबराने पुसून टाकला. सगळा तक्ता एका हातचा दिसावा म्हणून आकडे ताईच्या वळणाचे काढले.

आणि सांगितलं नाही. केलं ते केलं.

ताई उठली, तिने अकरावी ओळ पाहिली. हिची दुरुस्ती आपण केली नाही एवढं तिला पक्कं आठवत होतं. म्हणून केली. मग बाळंतीण जन्माला आली, जगभर नाव झालं. धाकटा पाइपांचे नकाशे काढीत राहिला. रात्री कधी गच्चीवर गेला तर त्या बाजूच्या आभाळाकडे बघून त्याला वाटायचं, तिथे एक ओळ आपली आहे. त्या नऊ महिन्यांवरून नाना त्याला पुढे पुष्कळ वर्षं बोलले, बहिणीच्या जिवावर बसून खाल्लंस म्हणून. त्याने ऐकून घेतलं. मनात म्हणायचा, तुमचाच नियम पाळतोय.

आज कळत होतं की ती ओळच सगळ्याला नडली. लेकीने फोनवर पहिल्यांदा 'आठ' म्हटलं त्याच क्षणी त्याला कळलं होतं. त्याला महिना झाला होता. महिनाभर तो रोज ठरवायचा आणि रोज उद्यावर ढकलायचा. लाज चुकीची होती की बोलण्याची, हेही त्याला नीट सांगता आलं नसतं. वाटलं होतं, ताई छोटंसं पत्र लिहील, आपलं नाव येण्याचं कारण नाही. आता त्या पत्रात दहा धडधाकट दीर्घिका जिवंत पुरल्या जात होत्या.

थोरलीने पत्राखाली तारीख घातली. संपादकांचा पत्ता वरच्या चौकटीत होताच. तिने हात पुसायला रुमाल काढला, ही तिची महत्त्वाचं काही करण्याआधीची नेहमीची सवय होती.

"ताई, थांब," धाकटा म्हणाला. "अकरावी मी केली."

बायकोने अर्धवट ओढलेली टेप फाडली.

"काय केलीस?" थोरलीने विचारलं.

"दुरुस्ती. तू तापात होतीस. सहाव्या दिवशी. खालचा आकडा मी पुसला."

थोरलीच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याला अपेक्षित नव्हतं. ते प्रेम होतं. तिचा विश्वास बसला नव्हता. या घरात माणूस दुसऱ्यासाठी गुपचूप काय करेल याचा नेम नव्हता, आणि भाऊ आपली चूक अंगावर घेतोय, हे तिला सरळ दिसत होतं. तिने रुमाल घडी करून ठेवला आणि त्याला सांगितलं की तुझं मन मला कळतं, पण शास्त्रात असं चालत नाही, एकाचं आजारपण दुसऱ्याने काढायचं नसतं. आईनेही मान हलवली. लहानपणी फुटलेली काच हाच स्वतःवर घ्यायचा, तिने सांगितलं, फोडायची ही.

"मी खोटं बोलत नाहीये."

"बाबा," लेक म्हणाली, "तुला धुळीची दुरुस्ती येते?"

धाकट्याने खोकं बाजूला सरकवलं आणि भिंतीकडेच बघत सांगायला सुरुवात केली. आधी तांबडा आणि निळा प्रकाश यांचं गुणोत्तर घ्यायचं. आडव्या अक्षावर शोधायचं. तिथून वर जायचं, वळणरेषा भेटली की डावीकडे वळायचं. वळणरेषा खालून तिसरी, धुळीच्या ढगात तारे मिसळलेले असतात ती. दुसरी धरली तर सहापट येते, पण ती धूळ समोर पडद्यासारखी असेल तेव्हाची. लेक ऐकता ऐकता खुर्चीत सरळ झाली. पाइपलाइनचा नकाशा वाचून दाखवावा अशा आवाजात तो सांगत होता.

"हे तुला आज कुणीही शिकवलं असेल," थोरली म्हणाली. पण आवाज बदलला होता. तिने कपाटातून तक्ता काढून टेबलावर ठेवला. "पुरावा दे."

"आठ बघ."

"कुठला आठ?"

"अकराव्या ओळीतले दोन्ही. तुझा आठ एका झोकात येतो, वर सुटा राहतो. बाकी सगळं मी तुझ्यासारखं काढलं, सातावरची आडवी रेघसुद्धा. आठ मला तसा कधी जमला नाही. नकाशाच्या शाळेत इंग्रजी आठाला दोन गोळे एकावर एक काढायला शिकवतात. अकरावीतले आठ दोन गोळ्यांचे आहेत."

लेकीने भिंग दिलं. थोरली तक्त्यावर वाकली. जिने करोडो प्रकाशवर्षांवरच्या ठिपक्यांत फरक शोधण्यात आयुष्य घालवलं, तिने हातभर अंतरावरचे ते दोन आठ सदतीस वर्षं ओळखले नव्हते. ती दहाही ओळींतले आठ एकेक करून बघत गेली. एकंदर तेवीस होते. मग पुन्हा अकरावीवर आली.

"मऊ रबर?" तिने वाकूनच विचारलं.

"मऊ. पिवळं."

"बाकीच्या दहांना हात लावलास?"

"सातव्या ओळीत एका साताची रेघ विटली होती. ती ठळक केली."

"आकडा?"

"सातच ठेवला."

"आणखी?"

"वरची चौकट सरळ नव्हती. ती आखली पुन्हा."

थोरली उठून बसली. चष्मा काढला, डोळ्यांच्या कोपऱ्यात बोट फिरवलं, पुन्हा लावला. कोणत्या आकड्याला कुणी, कधी, कशाने स्पर्श केला ते आता सगळं माहीत होतं. दहा दीर्घिका सुटल्या होत्या. धाकट्याला वाटलं आता ती रागावेल. रागावणं तिला शोभलंही असतं. एका मऊ रबराने नऊ डॉक्टरेट आणि दोनशे पिशव्या वाया घालवल्या होत्या.

बोलली ती आई. "नाना तुला इतकं बोलले. जेवताना बोलले, पाहुण्यांसमोर बोलले. तेव्हा एका शब्दाने सांगितलं नाहीस त्यांना."

"त्यांचाच नियम होता."

नवऱ्याला आई या जन्मी नि पुढच्या सहा जन्मांसाठी ओळखून होती. "नियम चांगला होता," ती म्हणाली. "पण ते पंपावर एकटे असायचे."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, जणू चौतीस वर्षांच्या संसारात हे औषध तिने पहिल्यांदाच हातात घेतलं होतं आणि वेष्टनावर काहीच लिहिलेलं नव्हतं. या माणसाने आणखी काय काय करून ठेवलं असेल, हा हिशेब तिच्या डोळ्यांत सुरू झालेला धाकट्याला दिसला. त्याने नजर फायलींकडे वळवली.

थोरलीने पत्र पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतलं. तिन्ही निबंधांत मिळून एकच ओळ, एकच दुरुस्ती. लिहिताना ती मध्येच थांबली.

"तुझं नाव घालावं लागेल."

"नको."

"का?"

"चुकीखाली कशाला नाव?"

"रेघोट्या," ती म्हणाली. या नावाने तिने त्याला वीसेक वर्षांत हाक मारली नव्हती. "नीट ऐक. मूळ आकड्याला आठने एकदा गुणायचं होतं. तू एकदा गुणलंस. तू केलंस ते बरोबर होतं. चूक झाली ती नंतर. ती मी केली."

या बाजूने धाकट्याने ते कधी पाहिलंच नव्हतं. सदतीस वर्षं छुपा अभिमान, मग महिनाभर छुपी लाज, आणि दोन्हींच्या मधोमध साधा गुणाकार.

लेक कागदावर काहीतरी खरडत होती. ८.१८४ वरून सरळ पुढे गेलं तर वर्षाला किती तारे, ते. ती दोनदा थांबली, एकदा खोडलं. मग कागद बापासमोर धरला. एकावन्न आले होते. तिच्या दुर्बिणीने दिलेले पन्नास, दोन इकडे तिकडे. ती दुर्बीण उभी करायला सोळा वर्षं आणि काही हजार माणसं लागली होती.

"बाबा, मी याला माझा शोध म्हणत होते," ती म्हणाली. "तुझा आहे हा."

"मी शोधलं नाही. मी ओळ पुरी केली."

"संदर्भ द्यावा लागेल मला तुझा."

"कशाचा? छापलेलं कुठे आहे?"

"आता येतंय ना छापून," थोरली म्हणाली आणि शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. अकराव्या दीर्घिकेची धुळीची दुरुस्ती माझ्या आजारपणात माझ्या भावाने केली होती व ती अचूक होती. त्यानंतर मी ती न विचारता पुन्हा केली. त्याच्या नावापुढे संस्था लिहावी लागते, कोणती लिहू, असं तिने विचारलं. त्याने पाणीपुरवठा, नकाशा विभाग, असं सांगितलं. निवृत्त, हेही लिही म्हणाला. उगाच त्यांना पत्रं जायला नकोत.

बायकोने एवढंच सुचवलं की गुरुवारच्या लोकांना हे पत्र आधी पोचलं तर बरं, म्हणजे यायचं की नाही ते ठरवतील. थोरली म्हणाली की येतील. पन्नासवाल्या दीर्घिका कमी नाहीत, पण जिच्या वायूचं कोडं नऊ जणांना नऊ वेगळ्या रीतींनी सुटलं अशी एकच आहे. मग तिने संगणकाचा पडदा धाकट्याकडे वळवला आणि आकडे तपासायला सांगितलं. त्याने पट्टी मागितली. पडद्यावर पट्टी धरून त्याने ओळ न् ओळ वाचली, आकडे तक्त्याशी लावून पाहिले आणि बरोबर आहे म्हणून सांगितलं. तिने पत्र पाठवून दिलं.

चारला पाच कमी असताना संस्थेचा माणूस आला आणि संगणक घेऊन गेला. त्याने फळ्यावरची चौकट पाहिली, पुसू का म्हणून विचारलं. पुसा, थोरली म्हणाली.

आईला खाली न्यायचं होतं. बायकोने उशा काखेत घेतल्या, लेकीने डबे, थोरलीने तक्ता. उद्वाहन आलं, दार उघडलं. चौघांनीही नेहमीप्रमाणे काही न बोलता एकाच वेळी खुर्चीकडे हात नेले आणि चौघेही तिथेच थांबले.

धाकटा वाकला.

"ब्रेक मी काढलाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, आणि खुर्ची ढकलायला लागला.